प्रायमरखाली गेलेला सांधा रंगानंतर परत का येतो? १/७२ च्या युद्धविमान किटसाठी कारणं आणि उपाय

धडाचे दोन भाग जोडले, सांधा भरला, बोटाला काही लागणार नाही इतका घासला, प्रायमरखालीही स्वच्छ दिसला. मग रंग, डिकल (चिकटवायची चिन्हं), क्लिअर कोट (वरचा पारदर्शक थर). आणि काही दिवसांनी कॉकपिटच्या मागून शेपटीपर्यंत पाठीवर बारीक रेष परत उमटली. १/७२ च्या विमानांत ही तक्रार सगळ्यात जास्त ऐकू येते. एका मार्कचं (म्हणजे त्याच विमानाच्या एका आवृत्तीचं) विमान कापून दुसरं करायला घेतलं, तर तिथे ती जवळजवळ ठरलेलीच.

यावर बहुतेक जण ताबडतोब आणखी पुट्टी लावतात, आणि काम तिथेच फसतं. परत आलेली रेष हे पुट्टी कमी पडल्याचं लक्षण क्वचितच असतं. खालचं प्लास्टिक अजून आकसत असतं, भरलेला पदार्थ प्लास्टिकपेक्षा मऊ किंवा कडक असतो, नाहीतर सांधा हलत असतो. या तिन्हींवर उपाय वेगळे आहेत. चुकीचा केला, तर रेष तिसऱ्यांदाही येते आणि दर वेळच्या घासण्यात आजूबाजूच्या पॅनल रेषा (विमानाच्या पत्र्यांचे जोड दाखवणाऱ्या कोरलेल्या रेषा) मात्र पुसल्या जातात.

लहान मापात हे इतकं डोळ्यावर येतं, त्याचं कारण सरळ आहे. १/७२ मध्ये ०.१ मिमीची पायरी म्हणजे खऱ्या विमानावर ७.२ मिमीचा उंचवटा.

आधी रेष नीट पाहायची

खोलीतला दिवा बंद करून मोबाइलचा टॉर्च मॉडेलच्या अगदी बाजूने, पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरायचा. मग शिवणकामाची सुई आडवी धरून रेषेवरून हलकेच ओढायची, टोचायची नाही.

सुईचं टोक खटकन अडकलं तर ती चीर आहे. सांधा उघडला आहे, म्हणजे तो हलतोय. अशी चीर बहुधा पोटाखाली, पंखाची मागची कड धडाला मिळते तिथे किंवा विंगरूटला (पंख धडाला जोडला जातो त्या जागी) सापडते.

सुई न अडकता हळूच खाली जाऊन वर आली, आणि रेषेच्या कडा गोलसर असल्या, तर सांधा खाली बसला आहे, म्हणजे खालचं काहीतरी आकसलं आहे. हे लगेच दिसत नाही, त्याला आठवडे लागतात.

एकाऐवजी दोन समांतर रेषा आणि मध्ये एक अरुंद पट्टी दिसली, तर भरलेला पदार्थ आणि प्लास्टिक यांच्या कडकपणातला फरक उघडा पडला आहे. सायनोॲक्रिलेट, म्हणजे आपलं फेव्हिक्विक, उशिरा घासलं की ही पट्टी हमखास येते.

प्रायमर मारल्यावर काही तासांत सांध्याच्या आजूबाजूला बारीक ओरखड्यांचं जाळं फुगून वर आलं, तर सांध्याचा दोष नाही. खडबडीत कागदाचे ओरखडे राहिले होते, आणि लॅकर प्रायमरमधल्या थिनरने ते फुगवले.

पाच-सहा मिमी रुंदीचा उथळ खळगा, जो फक्त चकाकत्या रंगावर दिसतो, तो बोटाने कागद दाबून घासल्याचा परिणाम. याने नुकसान सगळ्यात कमी होतं, पण चंदेरी विमानावर तो लपत नाही.

गोंद आत ओला राहतो: सगळ्यात मोठं कारण

प्लास्टिक मॉडेलचा पातळ गोंद चिकटवत नाही, विरघळवतो. तामियाच्या एक्स्ट्रा थिनमध्ये ब्युटाइल ॲसिटेट आणि ॲसिटोन असतं. दोन्ही कडांचं पॉलिस्टायरीन मऊ होतं, एकमेकांत मिसळतं आणि द्रावक उडून गेलं की पुन्हा कडक होतं. वरची पापडी काही मिनिटांत सुकते, हाताला सांधा पक्का लागतो. आतलं द्रावक मात्र प्लास्टिकमध्ये झिरपून बसलेलं असतं आणि दिवसेंदिवस सावकाश बाहेर पडतं.

द्रावक आत असताना तिथलं प्लास्टिक किंचित फुगलेलं असतं. त्या अवस्थेत ते घासून सपाट केलं, की आपण फुगवटाच सपाट केलेला असतो. पुढे द्रावक गेलं की ती जागा आजूबाजूच्या पातळीखाली बसते. हीच ती गोलसर कडांची रेष. तोवर वर प्रायमर आणि रंग चढलेला असल्यामुळे द्रावकाची वाट आणखी लांबलेली असते, म्हणून रेष दोन महिन्यांनीही उगवते.

उपाय थांबण्याचा आहे, पण किती थांबायचं हे सांध्यावर ठरतं. कडा नीट जुळलेल्या असतील आणि पातळ गोंद ब्रशने बाहेरून सोडला असेल, तर किमान ४८ तास. कडांना आधी गोंद लावून, मऊ होऊ देऊन, दाबून विरघळलेल्या प्लास्टिकचा मणी बाहेर काढला असेल, तर पाच ते सात दिवस. मणी काढण्याची पद्धत उत्तम आहे, कारण भराव त्याच प्लास्टिकचा होतो, पण बाहेर आलेला मणी ओला असताना त्याला हातही लावायचा नाही. स्प्रूचे (किटचे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिचे) तुकडे गोंदात विरघळवून केलेला लगदा वापरला, तर आठवडा हा कमीत कमी काळ धरावा. त्यात द्रावकाचं प्रमाण सगळ्यात जास्त असतं आणि तो सगळ्यात जास्त आकसतो.

धड आणि पंख बंद झाले की द्रावकाची वाफ आतच कोंडते. चाकांच्या खाचेत किंवा कॉकपिटच्या मागे, जिथे पुढे काही दिसणार नाही, तिथे १ मिमीचं एक भोक पाडून ठेवावं. थांबणं पुरेसं झालं का हे कळायची सोपी खूण म्हणजे वास. मॉडेल दोन तास झाकणबंद डब्यात ठेवायचं आणि डबा उघडताच वास घ्यायचा. गोंदाचा वास आला, तर घासायला घेऊ नये. हेअर ड्रायरने घाई करण्याचा मोह टाळावा. पातळ पंखाची मागची कड आधी वाकते, आणि ती पुन्हा सरळ होत नाही.

कामाचा क्रम बदलला तर हा वेळ फुकट जात नाही. कॉकपिट रंगवून धड आधी बंद करायचं, मग ते सुकेपर्यंत प्रोपेलर, चाकं, एक्झॉस्ट, कॅनोपीचं मास्किंग ही कामं उरकायची.

पुट्टी कुठे चालते आणि कुठे नाही

ट्यूबमधली लॅकर पुट्टी, मग ती तामियाची असो किंवा गाड्यांच्या रंगाच्या दुकानात मिळणारी एनसी पुट्टी, थिनर उडूनच सुकते. उडालेल्या थिनरइतकी तिची जाडी कमी होते. शिवाय एनसी पुट्टीतला थिनर पॉलिस्टायरीनला चावतो. जाड थापली, तर खालचा पातळ पंख मऊ होऊन आकार सोडतो.

म्हणून एक नियम कडकपणे पाळावा: ०.३ मिमीपेक्षा रुंद किंवा खोल फट पुट्टीने भरायची नाही. तिथे प्लास्टिकच घालायचं. एव्हरग्रीनचा ०.१३ किंवा ०.२५ मिमी जाडीचा प्लास्टिकचा पत्रा पट्टी कापून फटीत उभा सरकवायचा, पातळ गोंद सोडायचा, दोन दिवसांनी वरचा भाग ब्लेडने छाटून घासायचा. पत्रा नसेल तर त्याच किटचा स्प्रू मेणबत्तीवर फिरवत तापवायचा, चकाकी येऊन लवचिक झाला की ज्योतीबाहेर काढून ओढायचा. ओढलेली तार फटीपेक्षा किंचित जाड निवडून दाबून बसवायची. रंग, कडकपणा आणि घासण्याचा वेग सगळंच आजूबाजूसारखं असल्याने ही जागा नंतर दगा देत नाही.

उरलेल्या बारीक फटींसाठी पुट्टी ०.१ ते ०.२ मिमीच्या थरांत द्यायची, प्रत्येक थराला २४ तास. विंगरूटसारख्या आतल्या कोपऱ्यात कागद फिरत नाही. तिथे मिस्टर सरफेसर ५०० (पातळ, भराव करणारा प्रायमर) ब्रशने सोडून, अर्धवट सुकल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कानकाडीने पुसावं. जादा निघून जातं, फटीतलं राहतं, आणि घासावं लागत नसल्यामुळे रिव्हेट वाचतात. पाण्याने पुसता येणारी ॲक्रिलिक पुट्टीही इथे चांगली, पण तिच्यावर पॅनल रेष कोरता येत नाही, कडा तुटतात.

मोठे खड्डे भरायला दोन घटकांची इपॉक्सी पुट्टी लागते, उदाहरणार्थ मिलिपुट. ती आकसत नाही म्हटलं तरी चालेल, ओल्या बोटाने गुळगुळीत होते, रात्रभर ठेवून घासता येते. एम-सील स्वस्त आणि कुठेही मिळतं, आतल्या बाजूला आधार म्हणून ते उत्तम. पण त्याचा कण जाड असल्याने पृष्ठभागावर कड शून्यापर्यंत उतरत नाही. बाहेर वापरू नये.

फेव्हिक्विक: वेळ चुकली की दोन रेषा

सायनोॲक्रिलेट आकसत नाही, लगेच घासता येतं, त्यावर पॅनल रेष स्वच्छ कोरता येते. या तीन गुणांमुळे सांधे भरायला ते पुट्टीपेक्षा सरस आहे. अडचण एकच, ते कडक होत राहतं. पहिल्या तासाभरात ते प्लास्टिकसारखंच घासलं जातं. दुसऱ्या दिवशी ते पॉलिस्टायरीनपेक्षा कडक असतं, कागद त्याच्यावरून घसरतो आणि दोन्ही बाजूंचं प्लास्टिक खातो. मध्ये उंच पट्टी, दोन्हीकडे चर.

त्यात साधारण सममात्रेत टाल्कम पावडर कालवली की कडकपणा कमी होतो आणि घासायला थोडा जास्त वेळ मिळतो. बिनवासाची पावडर घ्यावी. पारदर्शक गोंद भरला गेला की नाही हे दिसत नाही, म्हणून पावडरीत चिमूटभर काळ्या पेस्टलची पूड मिसळावी. टूथपिकने फटीत भरायचं, वीस-तीस मिनिटं थांबायचं, आणि त्याच बैठकीत घासून संपवायचं. उद्यावर टाकायचं असेल तर भरूच नये. खाण्याचा सोडा टाकून झटपट घट्ट करण्याची युक्ती फर्निचरला ठीक आहे. इथे दगड तयार होतो आणि भोवतीचं धड झिजतं.

हा गोंद हवेतल्या ओलाव्याने जमतो. जुलैत कोकणात किंवा मुंबईत तो डोळ्यांदेखत घट्ट होतो, त्यामुळे एकावेळी २ सेंमी सांधाच भरावा. उघडी बाटली सिलिका जेलसह हवाबंद डब्यात फ्रिजमध्ये ठेवावी, आणि बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय झाकण उघडू नये, नाहीतर आत दव धरतं.

घासताना

कागदाला कडक पाठ हवी. आइसक्रीमच्या काडीला किंवा ॲक्रिलिकच्या पट्टीला वॉटर पेपर चिकटवून घ्यावा. बोट किंवा फोम मऊ जागेत खोल जातो, कडक जागेवरून उडी मारतो. मणी काढायला ४०० नंबरचा कागद (नंबर जितका मोठा तितका कागद बारीक), तोही फक्त मण्यावर. मग ६००, ८००, १०००, आणि शेवटी १५००. प्रत्येक टप्प्यावर आधीच्या टप्प्याचे ओरखडे पूर्ण गेले पाहिजेत, कारण ४०० चा एक राहिलेला ओरखडाही लॅकर प्रायमरखाली फुगतो. सगळं ओलं घासावं.

सांध्याच्या दोन्ही बाजूंना २-३ मिमी सोडून मास्किंग टेपचे दोन थर लावले की पलीकडची नक्षी सुरक्षित राहते. गोल पाठीवर कडक पट्टीने सपाट पैलू पडतात. तिथे कागदाची ५ मिमी रुंद पट्टी कापून, मागे कापडी चिकटपट्टी लावून, दोन्ही टोकं धरून गोलाईवरून आडवी ओढायची.

सांधा हलतो तेव्हा

चीर भरून उपयोग नाही, ती पुन्हा फाटते. १/७२ च्या धडाची भिंत जेमतेम १ मिमीची, आणि दोन्ही भाग कडेपुरतेच एकमेकांना धरून असतात. धड बंद करण्याआधी आतून ०.५ मिमी पत्र्याच्या ५ मिमी रुंद पट्ट्या एका अर्ध्याला अशा चिकटवाव्यात की अर्धी पट्टी सांध्याबाहेर येईल. दोन पट्ट्यांत १० ते १५ मिमी अंतर पुरेल. किटबरोबर आलेल्या खुंट्या जागेवर बसवतात, ताण घेत नाहीत.

विंगरूटची चीर बहुतेकदा पंख वर किंवा खाली ओढून बसवल्यामुळे येते. स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानाच्या पंखाची चढण, म्हणजे टोकाकडे वर जाणारा कोन, ६ अंशांची. किटमध्ये खालचा पंख बहुधा एकसंध असतो आणि वरचे दोन वेगळे. वरचे पंख रूटला जाऊन भिडत नसतील, तर धड आतून फाकवायला हवं. आडवा स्प्रू कापून विंगरूटच्या उंचीवर आत बसवावा, कोरडं जुळवत ०.२ मिमीच्या पायऱ्यांनी त्याची लांबी ठरवावी. फट मिटली की पुट्टीची गरजच उरत नाही. टेपने पंख ओढून धरून गोंद सोडणं हा तात्पुरता विजय असतो, कारण टेप काढल्यावरचा ताण सांध्यातच राहतो आणि पोटाखालची चीर तिथूनच सुरू होते.

रूपांतरातले सांधे

इथे अडचण दुप्पट होते, कारण दोन वेगळे पदार्थ भेटतात. ओतीव रेझिन हे पॉलियुरेथेन असतं, मॉडेलचा गोंद त्याला विरघळवत नाही. जोडायला फेव्हिक्विक किंवा एराल्डाइटसारखं दोन घटकांचं इपॉक्सीच लागतं. साच्यातून सुटण्यासाठी लावलेला तेलकट थर आधी भांड्यांच्या साबणाने, कोमट पाण्यात, जुन्या टूथब्रशने घासून काढायचा. तो राहिला तर सांधा आणि रंग दोन्ही सुटतात. रेझिनची धूळ फुप्फुसाला वाईट, म्हणून कायम ओलं घासायचं आणि मास्क लावायचा.

ठोस उदाहरण घेऊ. स्पिटफायर मार्क ५ वरून मार्क ९. खऱ्या इतिहासातही मार्क ९ असाच झाला: फोके-वुल्फ १९० ला तोंड देण्यासाठी मार्क ५ च्या सांगाड्यावर दोन टप्प्यांच्या सुपरचार्जरचं मर्लिन ६० मालिकेतलं इंजिन बसवलं, आणि जुलै १९४२ मध्ये हॉर्नचर्चच्या ६४ स्क्वाड्रनकडे ती विमानं आली. इंजिन लांब, म्हणून नाक लांब. मार्क ५ ची लांबी २९ फूट ११ इंच, मार्क ९ ची सुमारे ३१ फूट. १/७२ मध्ये हा फरक जवळपास ५ मिमी.

कापायची जागा इंजिनमागची फायरवॉल, जिथे इंजिनची झाकणं संपतात आणि पेट्रोल टाकीचं झाकण सुरू होतं. तिथे खऱ्या विमानावर पॅनलची रेष आहेच, त्यामुळे हा सांधा पूर्ण लपवायचा नसतो. दोन्ही बाजू एका पातळीत आणायच्या, मग रेष कोरायची. रूपांतर करताना शक्य तिथे काप खऱ्या पॅनल रेषेवर घ्यावा. निम्मं काम तिथेच वाचतं. एक-दोन मिमी मागेपुढे, कापायला सोपं म्हणून घेतलेला काप नंतर दहापट घासायला लावतो.

धडाचे दोन भाग आधी जोडून सुकवायचे. फायरवॉलच्या किंचित मागे १ मिमी पत्र्याचं अंडाकृती भिंताड आत बसवायचं, म्हणजे कापल्यावर तोंड चपटं होत नाही. कापाच्या रेषेवर जाड टेप गुंडाळून तिच्या पुढच्या, टाकाऊ बाजूने बारीक करवत चालवायची. पातं स्वतःच ०.२ मिमीच्या आसपास खातं, म्हणून रेषेवर न कापता बाहेर कापून, उरलेलं कडक पाठीच्या कागदावर घासत रेषेपर्यंत यायचं.

रेझिनच्या नाकाला मागून ०.८ मिमीची दोन भोकं, त्यात ६ मिमी लांब पितळी तार, भिंताडात जुळणारी भोकं. तार फक्त पकडीसाठी आहे, रेषेत आणायला नाही. म्हणून भिंताडातली भोकं १ मिमीची सैल ठेवायची आणि सावकाश जमणारं इपॉक्सी वापरायचं, म्हणजे जुळवायला वेळ मिळतो. वरून आणि बाजूने, दोन्हीकडून पाहायचं. ३० मिमी लांबीच्या नाकाला १ अंशाचा तिरकेपणा आला तर स्पिनर (प्रोपेलरच्या मधला शंकू) अर्धा मिमी सरकतो, आणि तो कोणालाही दिसतो. २४ तास हात लावायचा नाही.

रेझिन आणि पॉलिस्टायरीन एकाच वेगाने झिजत नाहीत. सांध्यावरून मागेपुढे घासलं की मऊ बाजू खाली जाते. म्हणून सांध्याच्या रेषेला समांतर, दोन्ही पदार्थांवर एकाच वेळी पट्टी टेकवून घासावं, आणि ६०० च्या पुढे गेल्यावर दर काही फेऱ्यांनी प्रायमरचा पातळ हात देऊन पाहावं. भराव म्हणून इथे टाल्क घातलेलं फेव्हिक्विकच योग्य. लॅकर पुट्टी रेझिनच्या बाजूची कड सोडते.

नाक झालं म्हणून मार्क ९ झालं असं नाही. मार्क ५ मध्ये डाव्या पंखाखाली छोटा ऑइल कूलर आणि उजवीकडे रेडिएटर असतो, मार्क ९ मध्ये दोन्हीकडे सारखे चौकोनी रेडिएटर. तीनऐवजी चार पाती, आणि दर बाजूला तीनऐवजी सहा एक्झॉस्ट. पंखाखालच्या जुन्या कूलरची जागा भरताना ०.३ मिमीचा नियम पुन्हा लागू होतो: पत्रा कापून बसवायचा, पुट्टीचा ढीग नाही.

उंचावर लढणाऱ्या मार्क ६ साठी पंखांची टोकं लांबवावी लागतात. पंखविस्तार ३६ फूट १० इंचांवरून ४० फूट २ इंच, म्हणजे १/७२ मध्ये १५५.९ वरून १७० मिमी, प्रत्येक बाजूला ७ मिमी. खऱ्या स्पिटफायरची टोकं बोल्टने लावलेली आणि सुटी होणारी होती, म्हणून इथेही सांध्याची रेष खरी आहे. पण ही जागा सगळ्यात पातळ आणि हाताळताना सगळ्यात आधी धडकणारी. ०.३ मिमी तारेच्या दोन खुंट्यांशिवाय हा सांधा पहिल्या धक्क्यात उघडतो. टोकं रेझिनऐवजी पॉलिस्टायरीनच्या पत्र्यातून घडवली, तर मॉडेलचा गोंदच चालतो आणि वेगवेगळ्या कडकपणाचा प्रश्नच येत नाही. आम्ही तेच सुचवू.

कोणता सांधा मुळात लपवायचा

किटमधली प्रत्येक मधली रेष खोटी नसते. मेसरश्मिट बीएफ १०९ चं मागचं धड दोन अर्धांत बनवून वर आणि खाली मधोमध जोडलेलं होतं. पाठीवरची रेष तिथे असायलाच हवी. ती पूर्ण बुजवून गुळगुळीत करणं हीच चूक. सांधा सपाट करायचा आणि बारीक रेष पुन्हा कोरायची.

मॉस्किटोचं धडही दोन अर्धांतच तयार व्हायचं, बाल्सा आणि बर्चच्या प्लायवुडचं. पण वर मॅडापोलम (बारीक सुती) कापड ताणून डोप (कापड ताठ करणारं रोगण) लावलेलं, त्यामुळे रेष दिसत नाही. मॉस्किटोला सांधा शंभर टक्के गेला पाहिजे, आणि पॅनल रेषाही जवळजवळ नकोत. १९४४ च्या उत्तरार्धात भारत आणि ब्रह्मदेशाच्या आघाडीवर खऱ्या मॉस्किटोंच्या पंखांतले चिकटवलेले सांधे सुटल्याचं आढळलं होतं, विमानं काही काळ जमिनीवर ठेवून तपासावी लागली. पूर्वेकडची अनेक मॉस्किटो मग उष्णता परतवण्यासाठी चंदेरी रंगाची होती, आणि चंदेरी रंग मॉडेलवर प्रत्येक दोष मोठा करून दाखवतो. हे रूप करायचं असेल तर सांध्याला आणखी एक आठवडा द्यावा.

पी-५१ मस्टँगचा उघड्या धातूचा पंख करतानाही हेच. कारखान्यातच त्या पंखाचा बराचसा भाग पुट्टीने भरून ॲल्युमिनियम लॅकरने रंगवला जाई. धड धातूचं दिसायला हवं, पंख रंगवलेला आणि जवळजवळ बिनरेषांचा.

प्रायमर आणि पावसाळा

तपासणीसाठी मिस्टर सरफेसर १००० सारखा राखाडी लॅकर प्रायमर घ्यावा, पातळ दोन हात. एकदम ओला जाड हात देऊ नये, ओरखडे त्यानेच फुगतात. मग मॉडेल किमान तीन दिवस बाजूला ठेवून पुन्हा बाजूच्या प्रकाशात पाहावं. बहुतेक परत येणाऱ्या रेषा या तीन दिवसांत पहिली झलक दाखवतात, आणि रंगाआधी त्या दुरुस्त करणं फार सोपं असतं.

पावसाळ्यात लॅकर फवारताना थिनर उडून पृष्ठभाग थंड होतो, त्यावर ओलावा धरतो आणि पांढुरकी झाक येते. ती झाक बारीक रेष लपवते, म्हणून सांध्याची तपासणी फसते. एसी किंवा डिह्युमिडिफायरच्या खोलीत, नाहीतर कोरड्या दुपारी फवारावं आणि थिनरमध्ये १० टक्क्यांपर्यंत रिटार्डर (सुकणं लांबवणारं द्रावक) घालावा.

रंगलेल्या मॉडेलवर रेष आलीच तर

घाई करू नये. आकसल्यामुळे आलेली रेष असेल तर ती पूर्ण आकसेपर्यंत, निदान एक महिना, मॉडेल तसंच ठेवावं. अर्ध्यात भरली तर पुन्हा बसते. चीर असेल तर वाट पाहण्यात अर्थ नाही, पण आधी ताण शोधावा: विंगरूटला फाकवणारा तुकडा आता आत घालता येत नसेल, तर चाकांच्या खाचेतून पातळ इपॉक्सी सोडून आतून सांधा बांधावा.

दुरुस्तीसाठी रेषेच्या दोन्ही बाजूंना ४ मिमीवर टेप लावायची. टेपची कड बोटाने दाबू नये. किंचित उचललेली राहिली की नव्या रंगाची पायरी पडत नाही. ८०० च्या ओल्या कागदाने मधला रंग प्लास्टिकपर्यंत उतरवायचा. रंग पूर्ण काढल्याशिवाय भरलं तर भराव रंगाला चिकटतो, आणि रंगासकट निघतो. टाल्क-फेव्हिक्विक टूथपिकने, तासाभरात घासणं, १५०० पर्यंत. मिस्टर सरफेसर १००० चा पातळ हात, तीन दिवस, पुन्हा तपासणी. मग मूळ रंग, पण मूळ बाटलीतून थेट नाही. वर क्लिअर कोट असल्यामुळे जुना रंग किंचित गडद दिसतो, म्हणून टाकाऊ पंखावर रंग आणि क्लिअर दोन्ही मारून, सुकल्यावर शेजारी धरून जुळवावं. एअरब्रशने कमी दाबाने, १० पीएसआयच्या आसपास, सांध्यापासून बाहेरच्या दिशेने विरत जाईल असं फवारावं. डिकलवरून रेष गेली असेल तर ते डिकल वाचवण्याचा प्रयत्न न करता टेपने उचलून काढावं आणि नवं लावावं. अर्धं घासलेलं राउंडल (गोल राष्ट्रचिन्ह) कोणत्याही क्लिअर कोटखाली जुळत नाही.